पुस्तकाने बुडवलेलं गाव

‘पुस्तकात लिहिलंय’ असं मी त्या काळी इतक्यांदा म्हणायचे, की रोह्याच्या आमच्या कंपनी कॉलनीतल्या बायका मला पाठीमागे ‘पुस्तकीण’ म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागल्या. मला त्याचा राग येत नसे, उलट मान वाटे. यावरून ती बाई किती हुशार होती याचा अंदाज यावा. ती बाई म्हणजे मीच. चाळिशीला टेकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, चष्म्याला साखळी लावून मिरवणारी. साखळी कशाला लावली होती कुणास ठाऊक. चष्मा नाकावरून खाली कधी उतरतच नव्हता.

नव्वदीची मधली वर्षं होती. शेजारणीचा नवरा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी परदेशी गेला आणि येताना मुलांसाठी एक खोका घेऊन आला. खोक्यावर तलवारवाला माणूस आणि पंखांचा अजगर. आत बघतात तर पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जाड पुस्तक, एक नकाशा आणि वीस तोंडांचा फासा. मुलांनी फाशाने गोट्या खेळून घेतल्या आणि विषय संपवला. शेजारीण खोका काखेत मारून माझ्याकडे आली.

“वहिनी, तुमचं इंग्रजी आहे ना? बघा तरी हे काय आहे. माणूस इतक्या लांब गेला आणि हे घेऊन आला. मला एक साडी नाही.”

मी डिक्शनरी घेऊन बसले. निघालं ते असं: खेळणाऱ्या प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कोणी लढवय्या, कोणी जादूगार. एकाने पुस्तक हातात धरून सांगायचं की तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय. बाकीच्यांनी सांगायचं आम्ही काय करतो. जमलं की फसलं ते फासा ठरवणार.

“म्हणजे घर-घर खेळायचं,” शेजारीण म्हणाली.

“घर-घर नाही, राज्य-राज्य,” मी म्हटलं. चष्मा सावरून म्हटलं असणार.

झालं. बुधवारी दुपारी, नवरे शिफ्टला आणि पोरं शाळेत गेली की माझ्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर राज्य मांडलं जाऊ लागलं. शेजारीण जादूगारीण झाली, कारण तिला हात हलवून बोलायची हौस होती. वरच्या मजल्यावरची एक झाली लढवय्यी. तिचं माहेर हायवेवरचं खांब गाव, म्हणून तिला सगळे खांबचीच म्हणायचे. आवाज असा, की हायवेवरच्या ट्रकवाल्याला खाली न उतरता ऐकू जावा. सोंगट्यांचा प्रश्न माझ्या मामेसासऱ्यांनी सोडवला. त्यांचं पेणला घर आणि घरामागे गणपतींचा कारखाना. काम हमरापूरला शिकलेले. गणपतीच्या पायाशी बसवायचे जास्तीचे उंदीर त्यांच्याकडे पडलेले असत. मी पिशवीभर आणले. निळा उंदीर जादूगारीण, लाल उंदीर लढवय्यी. महापराक्रमी मंडळी आमच्या सतरंजीवर लाडवावर डोळा ठेवून बसल्यासारखी बसलेली असायची.

पुस्तकात त्या राज्याचा सगळा इतिहास होता. कोणता राजा कधी आला, कुठल्या घराण्याने कोणाला दगा दिला, उत्तरेच्या डोंगरात कोणती झाडं. मी तो पाठ केला होता. पाठ! सासूबाईंच्या बहिणींची नावं मला धड आठवत नसत, पण त्या राज्याच्या सेनापतींची वंशावळ झोपेतून उठवलं तरी सांगितली असती.

एकदा ही मंडळी उत्तरेच्या बर्फातल्या जंगलात मुक्कामाला होती. खांबची म्हणाली, “मी पोपटी लावते.”

पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडीतली चैन. मडक्यात वालाच्या शेंगा भरायच्या, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा.

“तिथे वाल नाहीत,” मी म्हटलं. “तिथे लोक ब्रेड आणि सुकं मांस खातात. पुस्तकात लिहिलंय.”

“वाल मी घरून आणलेत.”

“भांबुर्डा कुठून आणणार? तिथे उगवत नाही.”

“उगवत नाही असं पुस्तकात लिहिलंय?”

मी पानं चाळली. “तसं नाही लिहिलेलं.”

“मग उगवतो,” खांबची म्हणाली आणि लाल उंदीर पुढे सरकवला. “घ्या, शेंगा घ्या सगळ्यांनी. पुस्तकीण, तू सुकं मांस खा.”

माझा नातू हल्ली हाच खेळ कानाला हेडफोन लावून पुण्यातल्या पोरांशी खेळतो. परवा त्याची कोणाशी तरी हमरीतुमरी चालली होती, कुठल्याशा राजाचा धाकटा मुलगा खरा की मागाहून घुसडलेला यावरून. माझ्याकडे वळून म्हणाला, “आजी, अधिकृत काय आहे तेच महत्त्वाचं ना गं?” मी म्हटलं, “बाबा रे, या विषयात मी तुझा बाप अर्ध्या चड्डीत होता तेव्हाच डॉक्टरेट केलीय. माझ्या गाइडला विचारायला हवं, पण ती आता नाही.”

माझी गाइड म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आई म्हणत असू.

आई पेणच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. तिकडची भातशेती म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली जमीन. मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात पिकवायचा. त्या बांधाला भगदाड पडलं की म्हणतात खांड गेली. खांड गेली अशी हाक आली की हातातलं टाकून अख्खं गाव चिखल घेऊन धावतं. शेत कोणाचं ते नंतर. पण सासरे गेले त्या पावसाळ्यात उधाणाला खांड गेली तेव्हा गावात धावायला माणसंच थोडी होती; जवान पोरं कंपन्यांतून कामाला. बांध राहिला तसाच. पुढच्या वर्षी शेतात भाताऐवजी खाऱ्या चिखलातली तिवरं उगवली. मग ह्यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, आईंना रोह्याला आणलं.

कॉलनीच्या त्या दोन खोल्यांत आई गप्प झाल्या. “भात झाला”, “पानी गेला”, “पोरां आली” एवढंच बोलायच्या. ह्यांना त्याची फार काळजी. रोज कामावरून आले की आधी मला हळूच विचारायचे, “आज काही बोलली?” मी म्हणायचे, “पाणी गेलं म्हणाल्या.” ते मान हलवायचे आणि बूट काढायचे.

आम्ही खेळत असू तेव्हा आई आतल्या दाराशी सुपात तांदूळ निवडत बसत. त्या ऐकतायत हे मला माहीतही नव्हतं. मी सेनापतींत गुंतलेले. एका बुधवारी आमची मंडळी प्रवास करत करत समुद्रकाठी पोचली. नकाशावर नदी समुद्राला मिळते तिथे नुसता एक ठिपका होता, नाव नाही, माहिती नाही. मी म्हटलं, “इथे काही नाही. पुढे चला.”

“नदीच्या तोंडाशी गाव नाय असा कसा?”

आम्ही सगळ्या मागे वळलो. सूप बाजूला ठेवून आई बोलत होत्या.

“बांध आसंल, उघाडी आसंल, मिठाचे ढीग आसतील. माणसां काय हवेवर जगतात?”

उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद ठेवायचं. मी तोंड उघडलं, ‘पुस्तकात’ एवढा शब्द बाहेरही पडला, तेवढ्यात खांबचीने मला असा चिमटा काढला की पुढचा शब्द आत गेला.

“सांगा ना आई,” शेजारीण म्हणाली. “कोण राहतं तिथे?”

आणि आई सांगायला लागल्या. ते दुपारचं सांगणं संध्याकाळचा चहा झाला तरी चाललं होतं. एक विधवा, तिचा रेडा, तिच्याशी बांधावरून भांडणारा चुलता, मिठागरावर पाय भेगाळलेली नवी सून. पुढच्या बुधवारी आई सतरंजीवर येऊन बसल्या. मी पिशवी पुढे केली तर त्यांनी बिनरंगाचा उंदीर उचलला.

“तुम्ही कोण होणार, आई? लढवय्या? राणी?”

“मी उघाडीवाली,” त्या म्हणाल्या. “राणीला कवा दार उघडायचा ता कळनार हाय का?”

त्यानंतर वर्षभर आमची मंडळी त्या गावाच्या बाहेर फारशी पडलीच नाही. पुस्तकातल्या अजगराकडे कोणी ढुंकून बघेना. शेजारणीची जादूगारीण नव्या सुनेच्या पायांना मलम करून द्यायची, आणि खांबचीची लढवय्यी चुलत्याला बांधावर आडवं पाडायची. माझे सेनापती घरी बसून गंजले. आणि हे कामावरून आले की आई स्वतःच सुरू व्हायच्या, “आरं, आज त्या चुलत्यानी काय केलान ठाव हाय?” हे बूट न काढता ऐकत उभे राहायचे.

एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत असताना पुस्तकीण काय करत होती? कुढत होती. आपल्या पाठ केलेल्या इतिहासाचं चीज होत नाही म्हणून.

मग शेजारणीचा नवरा पुन्हा परदेशी गेला. या वेळी साडी आणली, आणि सोबत त्याच खेळाचं दुसरं पुस्तक. मी आधाशासारखं वाचलं. आणि त्यात मला तो नदीच्या मुखाचा ठिपका सापडला! आनंदाने मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. वरण करपलं. पुस्तकात लिहिलं होतं की या जागी पूर्वी एक सुखी गाव होतं, आणि एका रात्री समुद्राने ते गिळलं. कोणत्या राजाच्या काळात? आमच्या खेळात जो गादीवर होता त्याच्याच. कधी? आमच्या खेळातल्या येत्या हिवाळ्यात.

शहाण्या माणसाने ते पान मिटून ठेवलं असतं. मी बुधवारी ते उभं राहून वाचून दाखवलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

आईंनी विचारलं, “अख्खा?”

“हो ना, अख्खं गाव. एका रात्रीत. म्हणजे आता आपल्याला अधिकृत माहिती मिळाली.”

आईंनी आपला उंदीर उचलला, पिशवीत ठेवला आणि “भात लावते” म्हणून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हणाल्या, मना पेनला भावाकडं सोड.

ह्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. आईंना एस.टी.त बसवून आले आणि जेवताना एवढंच म्हणाले, “त्या पुस्तकात दुसऱ्या पानावर दुसरं काही लिहिलेलं नव्हतं का?”

“मी काय लिहिलंय का ते?” मी म्हटलं. “जे आहे ते आहे.”

खांबची मात्र बोलायची राहिली नाही. जिन्यातच गाठलं. “खोटा राजा, खोटं गाव, खोटं पुस्तक. आणि त्यापायी खरी म्हातारी घरातून गेली. शाबास गो पुस्तकीण!”

“अगं पण नियम म्हणून काही—”

“ते पान फाडते मी. आण इकडे.”

“फाडू नका हां,” शेजारीण खालून ओरडली. “ह्यांनी डॉलर घालून आणलंय. आईंना सांगायचं, पुस्तकवाल्यांची चूक झाली, गाव काही बुडत नाही. संपलं.”

पेणहून काही निरोप येईना. हे कामावरून आले की आधी बूट काढायला लागले. शेवटी आम्ही तिघी रविवारी सकाळच्या एस.टी.ने पेणला निघालो. पिशवीत नकाशा, दोन्ही पुस्तकं, फासा आणि उंदीर. वाटभर मी मनातल्या मनात वाक्य घोटत होते: आई, ते पान चुकीचं आहे, गाव आहे तिथेच आहे. घोटायलाच लागत होतं. छापील पानाला चूक म्हणायची माझ्या जिभेला सवय नव्हती.

मामांच्या पडवीत गणपती ओळीने सुकायला ठेवलेले होते. मामींनी पोह्याचे पापड भाजून पुढे ठेवले. आई आल्या, बसल्या, खांबचीची, शेजारणीची चौकशी केली. मी माझं वाक्य म्हटलं.

आईंनी माझ्याकडे बघितलं. “मना काय ल्हान पोर समाजलीस?”

“नाही आई, खरंच, आम्ही ठरवलंय—”

“तुमी कोन ठरवनार? लिवलाय ना बुडला? मंग बुडला. समुद्र कोनाला इचारून येत नाय.”

“मग तुम्ही रागावून का आलात?” शेजारणीने विचारलं. हे मला रोह्यातच सुचायला हवं होतं.

आई पापडाचा तुकडा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमचा बांध फुटला तवा मी अलिबागला होते. दवाखान्यान, यांच्या खाटंशी. चार दिसांनी मना कोन तं सांगाला आला, काकी, तुमचा शेत गेला. झाला! गेला म्हंजे गेला. मी नव्हते, मना दिसला नाय, मी येक पाटी चिखल घातला नाय. आनि ही माझी सून,” त्यांनी माझ्याकडे बोट केलं, “ही पन तसाच सांगते. उबी राऊन. बुडला!” पापडाचा तुकडा खाली ठेवून म्हणाल्या, “बुडव गो. पन मी तिथं आसताना बुडव.”

कारखान्यात रंगवणाऱ्यांचा रेडिओ चालू होता. मामांनी आत जाऊन तो बंद केला.

मी पडवीत नकाशा पसरला. पहिल्यांदाच पुढे काय सांगायचं ते माझ्याकडे नव्हतं. पुस्तकात एकच ओळ होती: एका रात्री समुद्राने गाव गिळलं. ती रात्र कशी होती, कोण कुठे उभं होतं, पहिली हाक कोणी मारली, यातलं काहीच नव्हतं. एवढा मोठा इतिहास लिहिणाऱ्याने नेमकी रात्रच सोडून दिली होती.

“उधाणाची भरती आहे,” मी म्हटलं. “वारा आहे. उघाडीजवळ बांधाला खांड गेलीय.”

“खांड गेली!” आई अशा ओरडल्या की पलीकडच्या घरातली बाई दारात आली.

शेजारीण हात उंच करून म्हणाली, “मी समुद्राचा बर्फ करते.”

“बर्फ इतळला का परत तेच. चिखल आन.”

“अहो, मी जादूगारीण आहे!”

“मंग पाटी उचलाला हात नायत काय?”

जादूगारणीने पाटी उचलली. लढवय्यीने ढाल उलटी करून तिच्यात चिखल भरला. चुलत्याला हाक गेली, तोही आला. वर्षभर भांडलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून चिखल झेलू लागला. मामा मध्येच म्हणाले, “नुसता चिखल नाय ऱ्हायाचा, पेंढा घाला,” आणि खांबची खेकसली, “मामा, खेळायचं तर उंदीर घ्या.” मामांनी उंदीर घेतला.

मग फासा टाकायची वेळ आली. बांध टिकला की गेला. सोळाच्या वर पडायला हवेत, मी सांगितलं. आईंनी फासा तळहातात घोळवला आणि टाकला. तो घरंगळत एका गणपतीच्या पाटाला लागून थांबला.

तीन.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “आई, फासा कलंडलाय. पाटाला अडला. परत टाका.”

पुस्तकीण लबाडी करत होती! खांबचीने माझ्याकडे अशा कौतुकाने बघितलं की तसं पुढे कधी बघितलं नाही.

“कलांडला नाय,” आई म्हणाल्या. “तीन हाय.” आणि नकाशावर वाकल्या. “बांध गेला. आता माणसां काडा.”

विधवेला रेडा सोडवत नव्हता. खांबचीने दोघांना एकत्र ओढलं. नवी सून पुढच्या होडीत. चुलता मागच्या. मिठाचे ढीग विरघळले, त्याला इलाज नव्हता. आई घर घर घेत गेल्या, एकेका दाराशी हाक मारून, आणि शेवटी उघाडीवर येऊन म्हणाल्या, “कोन ऱ्हायला नाय. मी पन निंगते.” मग पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होत्या. आम्ही कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. मामी पापड आणायला म्हणून आत गेल्या आणि आतच राहिल्या.

अधिकृत माहितीचं महत्त्व किती, हे नातवाला मी अजून नीट सांगू शकलेले नाही. पुस्तक नसतं तर ते गाव बुडलं नसतं, आणि आईंना त्या बांधावर उभं राहायला मिळालं नसतं. आणि पुस्तकावर सोडलं असतं तर ती रात्र झालीच नसती. नुसती ओळ राहिली असती. त्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, आजी, म्हणजे नक्की काय? तेव्हा मी त्याला पापड तळून देते.

आईंनी डोळे कोरडे केले आणि विचारलं, “नदीच्या वरच्या अंगाला काय लिवलाय?”

मी दोन्ही पुस्तकं चाळली. “काहीच नाही.”

“बरा झाला.” त्यांनी होड्या वरच्या अंगाला नेल्या आणि नकाशाच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. “हितं. आधी इहीर.”

“हितं नको,” मामा म्हणाले. “नदीजवळ पानी मचूळ लागंल.”

“टेकडीच्या पायथ्याशी खणा,” खांबची म्हणाली. “आमच्याकडे तशीच आहे, उन्हाळाभर आटत नाही.”

“तुमच्या खांबचा हितं काय काम?” आई म्हणाल्या.

“आणि रेड्याला पाणी टेकडीवरून कोण आणणार?” शेजारीण विचारत होती. “पुस्तकीण, बोला की!”

“टेकडी किती लांब आहे?” मी विचारलं.

“तू सांगाची ना ता!”

“पुस्तकात नाही. तुम्ही सांगा.”

त्यावरून जी जुंपली ती पाचची एस.टी. स्टँडवरून सुटून गेली तरी मिटेना. मामांनी उठून दिवा लावला आणि पुढच्या गाडीची वेळ सांगितली. आईंनी आत जाऊन आपली लुगडी पिशवीत कोंबली आणि मामींना म्हणाल्या, “जाते गो. यांना इहिरीतला काय कळत नाय, बुदवारी वाटोळा करून ठेवतील.”